सतरा इंच

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू येण्याआधी तिचं ड्रॉइंग यायचं. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा बाबांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढला, दार उघडल्यावर ते कुठवर येईल हे तुटक रेषेनं दाखवलं, आणि आईला विचारलं की ही रेघ तुझ्या पोळपाटाला तर लागत नाही ना. आईनं कागदाकडे न पाहताच सांगितलं, "आधी फ्रिज त आना, मंग पोळपाट सरकवता येते." पण बाबांचं तसं नव्हतं. ते पोलादाच्या प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पलंगाएवढ्या तिरप्या बोर्डासमोर उंच स्टुलावर बसून ते पारदर्शक ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं यंत्रांचे भाग काढायचे, मग त्याचे प्रिंट निघून वर्कशॉपला जायचे. मिलमधला एखादा शाफ्ट तुटला की नवा घडण्याआधी तो बाबांच्या कागदावर उतरायचा. जे कागदावर नाही ते नाहीच, असं ते म्हणायचे, आणि हे ते भाजीच्या यादीबद्दलही म्हणायचे.

त्या शाईला खोडरबर चालत नसे. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं कागद हलक्या हातानं खरवडायचा, शाईचा भुगा फुंकून उडवायचा, मग ती जागा नखानं घासून पुन्हा गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. मी तिसरी-चौथीत असताना त्यांनी मला हे खेळ म्हणून शिकवलं. त्यांची ती सरळ उभी अक्षरंही मी गिरवून गिरवून शिकले. रविवारी दुपारी आई पातोड्यांच्या रस्स्यासाठी बेसन घोटत बसायची आणि आम्ही दोघं टाकाऊ ट्रेसिंगच्या तुकड्यांवर आकडे काढायचो. माझा सात आणि त्यांचा सात शेजारी ठेवून ते आईला विचारायचे, "सांग, माया कोनता?" आई मुद्दाम चुकीचा दाखवायची.

ज्या वर्षाबद्दल लिहितेय त्या वर्षी मी विशीची होते आणि माझ्या पायाला भिंगरी होती, पण ती फिरायला जागा नव्हती. बीएस्सीची परीक्षा संपलेली, निकाल यायचा होता, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडून येणाऱ्या पत्रांमध्ये कुणाच्या ना कुणाच्या मुलाची उंची आणि नोकरी लिहिलेली असायची. आमचं सेक्टरमधलं क्वार्टर तीन खोल्यांचं. समोरच्या खोलीतून मागच्या अंगणापर्यंत बावीस पावलं होतात हे मला त्या उन्हाळ्यात पाठ झालं. बसले तरी पाय हलायचा. आई म्हणायची, "पाय नोको हलवू वो, लक्ष्मी जाते घरातून." मी थांबवायची, आणि दोन मिनिटांनी तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. शिफ्टचा भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा रस्त्यावरून जायचा, कुणी कामाला, कुणी घरी, प्रत्येकाला कुठंतरी जायचं असायचं. बाबांची स्कूटर व्हरांड्यात उभी. मला ती शिकायची होती. "पुढच्या वर्षी," बाबा म्हणायचे. असं तीन वर्षं चाललं होतं.

मागच्या गल्लीत शोभना नायर नावाची माझी मैत्रीण राहायची. तिचा भाऊ इंजिनिअरिंगला बाहेरगावी होता आणि त्याचा कॉम्प्युटर घरी धूळ खात पडला होता. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. पहिल्यांदा बाणाची कळ दाबली आणि समोरचा रस्ता माझ्याकडे येऊ लागला, तेव्हा माझा पाय हलायचा थांबला. हे मला तेव्हा कळलं नाही, शोभनानं सांगितलं. पण तिच्याकडची गाडी अडखळत चालायची, वळण आलं की चित्र थांबायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत आपण भिंतीवर आदळलेले असायचो. सुट्टीत तिचा भाऊ आला तेव्हा त्यानं सांगितलं, यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते असलं की रस्ता पाण्यासारखा वाहतो. दुर्गच्या एका दुकानात तसं कार्ड लावलेलं मशीन मी पाहिलं. डोंगरातला रस्ता, खाली समुद्र, आणि गाडी कुठंही न अडता जात होती. मी दुकानात उभी राहून इतका वेळ पाहत राहिले की मालकानं पाणी आणून दिलं. घरी येताना पॉवर हाउस स्टेशनला उतरायचं ते लोकलमधून एक स्टेशन पुढं गेले.

आता माझ्या हातातला फोन त्या मशीनपेक्षा शंभरपट हुशार आहे आणि त्यावर मी भाज्यांचे भाव बघते. त्या वेळची ती तहान कुणाला समजावून सांगायला गेलं की हसू येतं. मी एकदा माझ्या नवऱ्याला सांगितली. तो हसला, आणि मी पुढची गोष्ट सांगितली नाही.

एका संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले ते चपला न काढताच खुर्चीवर बसले. आईनं पाणी दिलं. ते म्हणाले, "बोर्ड काढून राहिले आमचे."

"कोनते बोर्ड?"

"ड्रॉइंगचे. सारे. कॉम्प्युटर बसवून राहिले त्या जागी. सहा बसतीन. दीड महिन्यानं टेस्ट हाय. जो पास होईन तो टेबलावर राहीन. बाकी प्रिंट रूममध्ये."

प्रिंट रूम म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं. तिथं अमोनियावर प्रिंट काढत. त्या दाराजवळून गेलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. बाबांच्या ओळखीचा जो कुणी तिथं गेला तो परत बोर्डावर आला नव्हता. बाबांची नोकरीची सहा वर्षं उरली होती. त्या दिवशी आईनं फरे केले होते, शेजारच्या साहू काकूंकडून शिकलेले, तांदळाच्या पिठाचे, वाफवलेले. बाबांना ते फार आवडायचे. त्यांनी दोन खाल्ले आणि बाकीचे ताटात इकडून तिकडे सरकवत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"वैशू, तुले समजते ना वो ते कॉम्प्युटर? घरी घेऊ आपन. एरियर्स आले हायेत. तू निवड काय काय लागते ते. मी घरी बसून शिकतो. पोरंसोरं शिकतेत, मले कावून नाही येनार?"

शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, पण आईकडे बघत म्हटलं. आणि मी, माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते आज लपवून काय करू, माझ्या डोळ्यांसमोर डोंगरातला रस्ता आला.

पुढचे दोन आठवडे मी अक्षरशः पेटले होते. असेंबल्ड मशीन म्हणजे एकेक भाग वेगळा निवडायचा आणि दुकानदारानं जोडून द्यायचा. तयार, मोठ्या नावाचं मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, आणि तयार असलं तर मला निवडायला काय उरलं असतं? रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर मी यादी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी खोडायची. सिव्हिक सेंटरच्या लायब्ररीत कॉम्प्युटरचं मासिक यायचं, ते मी उभ्यानं वाचायची, कारण बसवत नव्हतं. प्रोसेसर वेगवान घेतला तर रॅम कमी करावी लागे. रॅम वाढवली तर हार्ड डिस्क लहान. मदरबोर्ड असा हवा की ज्यावर ग्राफिक्स कार्डासाठी ती खास वेगळी खाच असेल, नाहीतर पुढं कार्ड आणलं तरी बसवणार कुठं? मी सगळ्यात आधी मदरबोर्डच पक्का केला, आणि तो असाच का, हे कुणाला सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला तेव्हा लागली.

बाबा रोज संध्याकाळी वही मागायचे आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायचे, "हे कायच्यासाठी?" भागाचं काम कळल्याशिवाय तो भाग कागदावर घ्यायचा नाही, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. मी सांगायची. रॅम म्हणजे काम करताना समोर पसरलेलं टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. ते मान हलवायचे. एसएमपीएस म्हणजे वीज वाटून देणारा डबा, हे तर त्यांना माझ्याआधी कळलं. मग बोट ग्राफिक्स कार्डावर आलं.

"हे कायच्यासाठी?"

"ड्रॉइंगसाठी," मी म्हणाले. "चित्र लवकर उमटते त्यानं."

"मंग त पायजेच," बाबा म्हणाले.

दुर्गला ज्या दुकानात मी पाणी प्यायले होते त्याच्या मालकाला सगळे राजेश भैया म्हणायचे. त्यांनी माझी यादी दोनदा वाचली, बाबांनी सांगितलेला आकडा विचारला आणि पेन खाली ठेवला. "दीदी, इतने में या तो ये कार्ड आएगा, या सत्रह इंच का मॉनिटर. कार्ड लोगी तो मॉनिटर चौदह इंच. दोनों नहीं होगा." मी विचारलं, रॅम कमी केली तर? ते म्हणाले, रॅम कमी केली तर कार्ड घेऊन काय लोणचं घालणार? मी प्रोसेसर कमी करून पाहिला, स्पीकर काढून टाकले, सीडी ड्राइव्ह काढला आणि परत घातला, कारण खेळ सीडीवरच यायचा. एक तास मी त्या काउंटरवर आकडे इकडचे तिकडे करत होते. प्रत्येक वेळी तेच उरायचं, कार्ड नाहीतर मोठा पडदा.

मी घरी गेले तेव्हा बाबांनी स्वतःच प्रश्न सोडवून ठेवला होता. ऑफिसात कॉम्प्युटर बसवायला आलेल्या एका तरुण साहेबांना त्यांनी विचारलं होतं. "साहेब म्हनते, आपल्या लाइन ड्रॉइंगले ते कार्ड काही लागत नाही. त्याच्यापेक्षा परदा मोठा घ्या म्हने. सतरा इंच. या वयात डोळ्याले बरं पडते." ते मला कमीपणा येऊ नये अशा बेतानं बोलले. "तुले कसं ठाऊक असनार, तू काही ड्राफ्ट्समन नाही."

मी "बरं" म्हणाले आणि अंगणात गेले. बावीस पावलं, आणि परत बावीस. मला रडू येत होतं आणि रडण्यासारखं काहीच झालं नव्हतं. राग मात्र होता. स्कूटर पुढच्या वर्षी, नोकरी लग्नानंतर बघू, आणि हेही नाही. आज मला त्या मुलीची कीव येते, पण तिचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही.

रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी यादीचं फेअर ट्रेसिंग काढलं. टेबल आखलं, अनुक्रमांक, भागाचं नाव, नग, शेरा. बाबांच्या प्रत्येक टेबलात शेवटी एक ओळ रिकामी असायची, मागाहून काही वाढलं तर. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी सही केली. राजेश भैयांना त्यांनी ऑफिसातून फोन करून सांगून ठेवलं होतं की सहीच्या कागदावर असेल तेच द्यायचं, पोरीनं तोंडी काही सांगितलं तर ऐकायचं नाही. तो माझ्यावरचा अविश्वास नव्हता. काम असंच करतात, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी साहू काकूंकडे बिजौरी, म्हणजे तिकडचे तिळाचे सांडगे, घालायला गेली होती. मी बाबांच्या पेटीतून अर्धं ब्लेड काढलं. सतरातला फक्त सात खरवडायचा होता. मी कागद काचेवर ठेवला, हात जड पडू दिला नाही, भुगा फुंकला, नखानं घासलं. माझा हात जराही थरथरला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मग त्यांच्याच पेनानं, त्यांच्याच अक्षरात, तिथं चार काढला. रिकाम्या ओळीत कार्डाचं नाव लिहिलं, नग एक. उजेडासमोर धरून पाहिलं. कुठंच काही दिसत नव्हतं. फार सुंदर काम झालं होतं.

मशीन आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि बाबांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून पडदा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोजला. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं.

"हा त तेराच्या थोडा वरता भरून राहिला वो. सतरा नाही हा."

"मॉनिटरचे इंच तसे नसतेत, बाबा," मी म्हणाले. "आतली पूर्ण काच मोजतेत. कडेची काच प्लॅस्टिकच्या मांगं दबून राहते. दिसते ते नेहमी कमीच भरते."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तेव्हाचे मॉनिटर असेच मोजायचे. फक्त त्या हिशेबानं सतराचे सोळा भरायला हवे होते, तेरा नव्हे. बाबांनी पट्टी खिशात ठेवली. "असन," ते म्हणाले, "हर धंद्याचं आपलं माप राहते." परक्या धंद्याच्या मापाला नावं ठेवायची नाहीत, ही त्यांची सभ्यता होती. ट्रेसिंग कुठं आहे असं त्यांनी विचारलं, मी म्हणाले दुकानातच राहिलं. ओरिजिनल कधी कुणाला देत नसतात, एवढंच ते बोलले.

मग तो महिना सुरू झाला. ऑफिसातली मशीनं टेस्टच्या दिवसापर्यंत बंदच राहणार होती, पण तरुण साहेबांनी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एका सीडीवर दिलं होतं. बाबा साडेपाचला घरी यायचे, चहा घ्यायचे आणि मशीनसमोर बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. त्या पडद्यावर पूर्ण ड्रॉइंग घेतलं की रेषा एकमेकींत मिसळायच्या आणि आकडे मुंगीएवढे व्हायचे. बाबा नाक काचेला लागेल इतके पुढं वाकायचे. मग ते एकेक कोपरा मोठा करून पाहायचे, तिथली रेघ काढायचे, परत लहान करायचे, आता कुठं आहोत ते शोधायचे, पुन्हा मोठा करायचे. बोर्डावर जो माणूस न बघता हाताच्या अंदाजानं रेघ थांबवायचा तो इथं दहा मिनिटांत एक वर्तुळ काढत होता.

"माये डोळेच गेले वाटते," एक दिवस ते म्हणाले.

आईनं ते मनावर घेतलं. घरात गाजरं सुरू झाली. गाजराची कोशिंबीर, गाजराची भाजी, वरणातही गाजर. उन्हाळ्याची, आतून पांढरी पडलेली, लाकडासारखी गाजरं ती कुठून तरी शोधून आणायची. जेवण झाल्यावर बाबांना आडवं करून डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे ठेवायची. बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नंबर बदललेला नाही. बाबांना ते पटलं नाही. त्यांनी हट्टानं नवा चष्मा करून घेतला, आणि तो लावून मशीनसमोर बसले, आणि तरीही रेषा मिसळल्या तेव्हा चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मी माझ्या ताटातली गाजरं मुकाट्यानं संपवायची. माझा पाय आता जेवतानाही हलायचा.

आणि दुपारी मी गाडी चालवायची. हे लिहायला जड जातंय, पण ते तसंच होतं. बाबा ऑफिसात, आई आतल्या खोलीत पडलेली, आणि माझ्यासमोर तो रस्ता. तो खरंच पाण्यासारखा वाहायचा. वळणं, पूल, बोगदा, बोगद्यातून बाहेर आल्यावर एकदम उजेड. आई आतून ओरडायची, "ह्या कॉम्प्युटरातून ट्रकाचा आवाज कावून येते वो?" मी आवाज कमी करायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, याच्यासाठी काहीही केलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या आठवड्यात मी गाडी सुरू करायची आणि दोन वळणं गेल्यावर बंद करायची. उठायची, अंगणात जायची, परत येऊन बसायची. ज्या एका जागी माझी तगमग थांबली होती तिथंही ती येऊन पोचली होती.

सांगावं असं मला रोज वाटायचं. राजेश भैयांकडे कार्ड परत देऊन मॉनिटर बदलता येईल का, हे विचारायला मी एकदा लोकलनं दुर्गला गेलेही. ते म्हणाले, बदल देंगे, पिताजी से लिखवाकर ले आओ. बाबांच्या सहीचा कागद हवा होता. परत येताना मी डब्याच्या दारात उभी होते आणि ठरवत होते, आज सांगते. घरी आले तर बाबा खुशीत. त्यांनी पहिल्यांदा एक पूर्ण ड्रॉइंग काढलं होतं, एका साध्या ब्रॅकेटचं, तीन तास लावून. "जमून राहिलं वो आता," ते म्हणाले. "डोळ्याची सवय झाली." मी म्हटलं, हो बाबा. इतकं चांगलं निमित्त मिळाल्यावर कोण सोडतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर तो सगळा महिना भर दुपार होती.

टेस्टच्या दिवशी आईनं त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. ते नवा चष्मा लावून गेले. मी दिवसभर घरात फिरत राहिले. आईनं दोनदा मला बसवलं, तिसऱ्यांदा तांदूळ निवडायला दिले. साडेपाचला स्कूटरचा आवाज आला.

बाबा आत आले, चपला काढल्या, पाय धुतले, सगळं नेहमीसारखं. आईनं विचारलं, कशी झाली?

"नाही झाली पुरी," ते म्हणाले. "तीन व्ह्यू काढाचे होते, समोरून, वरून, बाजूनं. दोनच झाले. पोरं वेळेच्या आधी उठून गेले." मग ते खुर्चीत बसले. "प्रिंट रूमच आता."

आई म्हणाली, "डोळ्याले त्रास झाला काय?"

"नाही," बाबा म्हणाले. "डोळ्याले काहीच नाही झालं. तिथं सारं दिसत होतं. पयली रेघ काढली अन् मी चमकलोच. इतकी साफ. पन हात ऐके ना. हरेक रेघ जवळ आनून पाहाची सवय लागली होती महिनाभराची. दिसत असून जवळ आनत होतो. त्याच्यातच वेळ गेला." त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि टीपॉयवर ठेवली. "उठताना मी त्या परद्याले पट्टी लावली, वैशू. साहेब म्हने, सतरा इंचाचा हाय. सोळा भरला."

आई माझ्याकडे बघू लागली. तिला काही कळलं नव्हतं, पण माझं तोंड तिला दिसत होतं.

"चौदा इंचाचा हाय आपला," मी म्हणाले. "मी बदललं कागदावर. ब्लेडनं खरवडून. त्याच्या जागी कार्ड घेतलं."

बाहेर सायकलींचा लोंढा चालला होता, घंट्या वाजत होत्या. बाबांच्या ओरडण्याची मी वाट पाहत होते. बाबा आयुष्यात माझ्यावर ओरडले नव्हते, पण त्या दिवशी ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते, रडले असते, काहीतरी करता आलं असतं.

"कावून वो?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गाडी चालवाची होती मले."

"कोनती गाडी?"

"कॉम्प्युटरवरची. खेळ हाय."

आईनं कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. बाबा उठले, मशीनवरचं विणलेलं कापड काढून त्याची घडी केली, बटण दाबलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. स्वतःसाठी त्यांनी स्वयंपाकघरातला स्टूल आणला.

"चालव," ते म्हणाले. "पाहू दे मले."

मी म्हटलं, नको बाबा. ते पडद्याकडे बघत स्टुलावर बसून राहिले. मी बसले. खेळ सुरू केला. गाडी निघाली. त्या रस्त्याची माझ्या हातांना इतकी सवय होती की ते आपापलं काम करत राहिले. पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीत डोंगराचं मोठं वळण आलं तेव्हा ते पुढं झुकले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी हवेत बोटानं त्या वळणाची रेघ काढली.

"बरोबर काढलं वळन," ते म्हणाले. "त्रिज्या कुठं मोडली नाही. ज्यानं काढलं त्याचा हात चांगला हाय." मग थोडा वेळ पाहून, त्याच आवाजात, "किती साफ दिसते वो."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला ओळखता आला असता. चांगलं काम दिसलं की ते चांगलं म्हणायचे, मग ते कुणाचंही असो, आणि त्या दिवशीही त्यांना तसं न म्हणणं जमलं नाही. समोर बोगदा आला, गेला, उजेड झाला. मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.